उभ्या घराची झडती

२०२५च्या जून-जुलैत छत्रपती संभाजीनगरात महापालिकेचे जेसीबी जालना रोड, पैठण रोड, बीड बायपास, पडेगाव-मिटमिटा असे एकेका रस्त्यावरून फिरले. रस्त्यांच्या आखलेल्या रुंदीत आलेली हजारो बांधकामं काही आठवड्यांत पडली. कोणाचं अतिक्रमण, कोणाला नोटीस, कोणाला मोबदला यावर पुष्कळ बोललं आणि लिहिलं गेलं. ते व्हायलाच हवं होतं. त्याआधी मे २०२२मध्ये विश्वासनगरच्या लेबर कॉलनीतली तीनशेहून अधिक सरकारी निवासस्थानं जमीनदोस्त झाली, तेव्हाही चर्चा माणसांची आणि जागेची होती. भिंती पडल्यावर त्या भिंतींचं काय होतं, हा प्रश्न दोन्ही वेळा मागे राहिला.

तो विचारला की उत्तर ठरलेलं येतं: मलब्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प हवा, त्यातून खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक काढावेत, म्हणजे नदीही वाचेल आणि डोंगरही. हे खरंच आहे, पण अर्धंच. मलब्यातून निघालेली खडी सुरक्षित आहे की नाही, याचा निकाल क्रशरच्या तोंडाशी लागत नाही. तो इमारत उभी असताना, पहिला घण पडण्याआधी लागलेला असतो. त्या वेळी कुणी आत जाऊन पाहिलं नाही, तर पुढची सगळी यंत्रसामग्री आंधळेपणाने दळत राहते. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. ते पटायचं तर आधी ढीग कसा रिकामा होतो, हे पाहावं लागेल.

ढीग कसा रिकामा होतो

जुनं घर पाडायला काढलं की पैसा उलटा वाहतो. पाडणारा गुत्तेदार पुष्कळदा मालकाकडून पैसे घेण्याऐवजी मालकालाच पैसे देतो, कारण घरात विकण्याजोगं बरंच असतं. जुन्या शहरातल्या घरात सागवानी तुळया, चौकटी, दारं निघतात. सिमेंटच्या घरात सळई, ग्रिल, गेट, खिडक्या. नळाचे पाइप, वायरीतलं तांबं, संडासाची भांडी, शाबूत फरशी, शाबूत विटा या सगळ्याला गिऱ्हाईक आहे. स्लॅब ब्रेकरने फोडून सळई काढायची, ती सरळ करायची, भंगारात वजनावर विकायची, यात तरबेज माणसं आहेत. शासनाची योजना नाही, अनुदान नाही, तरी हा पुनर्वापर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला आहे. पुनर्वापर शिकवायला या शहरात कुणी बाहेरून यायची गरज नाही.

पण या बाजाराची नजर किमतीवर असते, धोक्यावर नसते. ज्याला भाव आहे ते निघून जातं आणि भाव नसलेलं मागे उरतं: फुटकं काँक्रीट, विटांचा चुरा, गिलावा, माती, पीओपीचे तुकडे, सिमेंटच्या पत्र्यांच्या चिपा, रंगाचे पापुद्रे, फुटलेल्या ट्यूबलाइट. जेसीबीचं बकेट हे सगळं एकत्र खरवडून टिप्परमध्ये भरतं. टिप्पर बहुधा लांब जात नाही. मराठवाड्याच्या काळ्या मातीच्या प्लॉटवर भरणीला मागणी कायमची आहे. जोत्यात, खड्ड्यात, कच्च्या रस्त्यावर हा माल फुकट किंवा नाममात्र पैशात जिरतो. तिथेही नको असलेला नाल्याच्या काठी उतरतो. खाम आणि सुखना या दोन्ही नद्यांची पात्रं शहराच्या हद्दीत अशाच भरावांनी आवळत गेली. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाच्या कामातही आधी पात्रातला कचरा आणि मलबा उपसावा लागला, पुढचं सगळं नंतर.

प्रश्न किती मोठा आहे, हे एका घरावरूनही कळतं. केंद्र सरकारच्या तंत्रज्ञानविषयक संस्थेने, म्हणजे टायफॅकने, २००१ साली अंदाज दिला होता की इमारत पाडली की चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो मलबा निघतो. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. म्हणजे साध्या एकमजली घराचा मलबा २८ ते ४६ टन, दोन-तीन हायवा भरतील इतका. आता कायदा पाहा. २९ मार्च २०१६ रोजी जाहीर झालेल्या आणि १ एप्रिल २०२६पूर्वी लागू असलेल्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनुसार, जो दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक मलबा करतो, त्याने काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे चार वाटे करायचे आणि काम सुरू करण्याआधी व्यवस्थापनाचा आराखडा मंजूर करून घ्यायचा, असं होतं. जेसीबी लावून एका दिवसात पाडलेलं हजार चौरस फुटांचं घर या मर्यादेच्या पार जातं. बड्या बिल्डरांसाठी आहे असा समज असलेला नियम गल्लीतल्या घरमालकालाही लागू होता. त्याला ते ठाऊक नसे, आणि त्याला ते सांगणारंही कुणी नसे.

चार वयांचं शहर

मलबा म्हणजे मलबा, तो सगळीकडे सारखाच, हा समज तपासणीच्या आड येणारा पहिला अडसर. या शहरात तर तो अजिबात टिकत नाही. मलिक अंबरने १६१०च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली. तेव्हापासूनची गुलमंडी, जुना बाजार, शहागंज भागातली जुनी बांधणी दगड, भाजकी वीट, चुना आणि सागाची. तिचा मलबा तुलनेने निरुपद्रवी. त्यातला घडीव दगड आणि पातळ वीट तर दुरुस्तीच्या कामात सोन्यासारखी. धोका असेल तर नंतर चढवलेल्या रंगांच्या पुटांत आणि मागाहून टाकलेल्या पत्र्यांत.

दुसरं वय सिडकोचं. एन-१ पासून एन-१३ पर्यंतच्या वसाहती १९७०च्या दशकापासून उभ्या राहिल्या, २००६ साली महापालिकेकडे आल्या. इथल्या छोट्या घरांवर आता मजले चढताहेत किंवा ती पाडून नवी होताहेत. त्यांचं काँक्रीट चांगली खडी देऊ शकतं, पण सोबत सिमेंटचे पत्रे, सिमेंटचे सांडपाण्याचे पाइप, जुन्या टाक्या आणि तेलरंगाने रंगवलेली दारं-खिडक्या येतात. तिसरं वय औद्योगिक: चिकलठाण्याची आणि वाळूजची एमआयडीसी. बंद पडलेला गाळा पाडताना त्याच्या फरशीत काय मुरलं आहे, हे आधी काय उद्योग होता त्यावर ठरतं. प्लेटिंगच्या टाक्यांखालच्या काँक्रीटमध्ये क्रोमियम असू शकतं, मशिनशॉपच्या फरशीत तेल, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्यात त्याहून वाईट. चौथं वय गेल्या पंधरा-वीस वर्षांचं: जिप्समची सीलिंगं, पीओपी, एएसी ब्लॉक, काचेच्या आणि ॲल्युमिनियम पॅनेलच्या दर्शनी भिंती. हा मलबा दिसायला स्वच्छ असतो, पण काँक्रीटला तो मानवत नाही.

इमारतीचं वय आणि तिच्यातला व्यवसाय एवढ्या दोन गोष्टी कळल्या, तरी काय शोधायचं याची यादी तयार होते. तीच इमारत ढीग झाली की दोन्ही गोष्टी पुसल्या जातात. टिप्परमधला राखाडी चुरा आपला पूर्वेतिहास सांगत नाही.

पत्रा, रंग आणि पांढरी पूड

सगळ्यांत मोठी भीती ॲस्बेस्टॉसची, म्हणजे आपल्याकडे नुसतं 'सिमेंटचा पत्रा' म्हणतात त्याची. भारतात ॲस्बेस्टॉसचं खाणकाम थांबलं, पण आयात आणि पत्र्यांचं उत्पादन चालू राहिलं. पत्रा छपरावर अखंड असताना त्यातले तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. जेसीबीने तो चिरडला, ढिगात मिसळला आणि क्रशरमध्ये दळला की तेच तंतू मोकळे होऊन हवेत येतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला झोंबत नाहीत. फुप्फुसात रुतलेल्या तंतूमुळे होणारा ॲस्बेस्टॉसिस किंवा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो. हे जाणूनच २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं जपून ठेवावी. कारखान्यातल्या कामगाराला निदान कागदावर हे संरक्षण मिळालं. पत्रे फोडणाऱ्या बिगाऱ्याची नोंद कुठल्याच वहीत नसते; त्याला चाळीस वर्षांनी धाप लागली, तर तिचा संबंध आजच्या धुळीशी कोण जोडणार?

दुसरा मुद्दा रंगाचा. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या आत असावं, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांवर, विशेषतः दारं-खिडक्या आणि ग्रिलच्या तेलरंगांवर, तो लगाम नव्हता. असा रंग लागलेलं लाकूड चुलीत जळतं किंवा त्याचा पापुद्रा भरणीत मिसळतो, तेव्हा शिसं धुरातून आणि मातीतून लहान मुलांपर्यंत पोचतं.

तिसरी वस्तू वरकरणी साधी: जिप्सम. पीओपीच्या पांढऱ्या पुडीत सल्फेट असतं. ती खडीबरोबर नव्या काँक्रीटमध्ये गेली की सिमेंटशी तिची क्रिया होऊन आतून फुगवटा धरतो आणि काही वर्षांनी तडे जातात. म्हणूनच आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक मिश्रणातल्या एकूण सल्फेटला सिमेंटच्या वजनाच्या ४ टक्क्यांची मर्यादा घालतं. हेच जिप्सम ओल्या, हवा न पोचणाऱ्या भरावात कचऱ्याबरोबर पडलं, तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो. अगदी शुद्ध काँक्रीटचा चुराही पाण्याच्या काठी निर्धोक नसतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटमधून झिरपणारं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, सामू अकरा-बाराच्या घरात जाऊ शकतो. आटलेल्या नदीत ते जिरवायला पुरेसं पाणीच नसतं.

दळणाआधीचं निवडणं

यावर यंत्र काय करतं, ते पाहू. प्रक्रिया केंद्रात गाडीचं वजन होतं, माल चाळणीवर पडतो, बारीक माती वेगळी होते. पट्ट्यावरून जाणाऱ्या मालातून माणसं हाताने लाकूड, चिंध्या, प्लॅस्टिक वेचतात. चुंबक लोखंड ओढून घेतं. मग जॉ क्रशर, पुढच्या चाळण्या, काही ठिकाणी धुलाई. ही साखळी उपयोगी आहे. २००९ साली दिल्लीत बुराडी इथे सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या प्रकल्पापासून ती सिद्ध झालेली आहे. मात्र चुंबकाला सळई कळते, ॲस्बेस्टॉस कळत नाही. सिमेंटच्या पत्र्याची चीप रंगाने आणि वजनाने गिलाव्यासारखीच असते. शिशाचा रंग, मुरलेलं तेल, भुगा झालेलं जिप्सम यांना पकडणारा पट्टा साध्या प्रकल्पात नसतो. धान्य निवडायचं ते दळणाआधी; पिठातून खडा वेचता येत नाही.

मग शेवटी तयार मालाचीच चाचणी का करू नये? करायलाच हवी. आयएस ३८३ या मानकाने २०१६ साली पुनर्वापरातल्या खडीला पहिल्यांदा रीतसर दार उघडलं. निव्वळ काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम-२५ या प्रतीपर्यंतच्याच, २० टक्क्यांपर्यंत चालते. विटा, गिलावा मिसळलेल्या मलब्याच्या खडीला मात्र फक्त एम-१५ खालच्या हलक्या काँक्रीटची परवानगी आहे. जुना गिलावा चिकटलेली खडी पाणी जास्त पिते, म्हणून ती आधी भिजवून घेण्याची अटही आहे. या चाचण्या खडीची ताकद, आकार आणि शोषण सांगतात. दुर्मीळ विष त्या सांगू शकत नाहीत. पंधरा टनांच्या गाडीतून पाच-दहा किलोचा नमुना घेतला आणि गाडीत एका कोपऱ्यात दोन पत्र्यांचे तुकडे असले, तर नमुना बहुधा स्वच्छच येणार. एकसारख्या मालात नमुना बोलतो, खिचडीत तो दिशाभूल करतो.

मानकातला हा भेद एक आर्थिक गोष्टही सांगतो. वेगळं ठेवलेलं काँक्रीट आणि विटांत मिसळलेलं काँक्रीट, दोन्ही एकाच घराचं असलं, तरी एकाला खांब-तुळईत थोडी जागा मिळते आणि दुसऱ्याला फक्त हलक्या काँक्रीटमध्ये. मिसळण्याने नुसता धोका वाढत नाही, किंमतही पडते.

इशारा सिडनीकडून मिळतो. जानेवारी २०२४मध्ये तिथल्या रोझेल पार्कलँड्स या नव्या बागेत झाडांच्या बुंध्याशी पसरलेल्या पुनर्वापरातल्या लाकूडभुशात ॲस्बेस्टॉसचे तुकडे सापडले. शोध वाढत गेला तशा शाळा, रुग्णालयाचं आवार, बागा अशा सत्तरहून अधिक जागा निघाल्या. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर २००३ पासून पूर्ण बंदी आहे, प्रयोगशाळा आहेत, नियम कडक आहेत. तरीही सुरुवातीच्या टप्प्यावर शिरलेला तुकडा पुढे सगळीकडे पसरला. पुनर्वापर जितका यशस्वी, तितका दूषित माल दूरवर जातो.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच देशातलं. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडाचे जुळे मनोरे काही सेकंदांत कोसळले आणि सुमारे ८० हजार टन मलबा पडला. टीव्हीवर स्फोट दिसला. त्याआधी कित्येक महिने आतली दारं, खिडक्या, फिटिंग आणि बिनभाराच्या भिंती काढून इमारत सोलून ठेवली होती, ते फारसं कुणी पाहिलं नाही. त्यामुळेच ढिगात मुख्यतः काँक्रीट आणि लोखंड उरलं.

झडती म्हणजे काय

युरोपात अशा झडतीला पाडण्यापूर्वीचं ऑडिट म्हणतात. नेदरलँड्समध्ये जुन्या इमारतीची ॲस्बेस्टॉस-यादी झाल्याशिवाय पाडकाम होत नाही. डेन्मार्कमध्ये १९५० ते १९७७ दरम्यान बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या इमारतींत पीसीबी हे विषारी रसायन आहे का, हे आधी पाहावं लागतं, कारण त्याच काळात ते सांध्यांत भरलं जायचं. म्हणजे तिथेही सगळीकडे सगळं तपासत नाहीत. वय पाहून संशय ठरवतात, संशय तिथेच नमुना घेतात.

आपल्या घरासाठी ही झडती एका फेरीत होऊ शकते. बांधकाम कधीचं, आत कोणता व्यवसाय होता, हे विचारायचं. छपरापासून मोरीपर्यंत फिरून पत्रे, पाइप, टाक्या, सीलिंग, रंग, ट्यूब, तेलाचे डाग यांची नोंद करायची. शंका आली तिथला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. काँक्रीट, वीट, माती, लाकूड-लोखंड अंदाजे किती निघेल ते लिहायचं. शेवटी पाडण्याचा क्रम ठरवायचा, आणि हा क्रमच झडतीचं खरं फळ. आधी ट्यूब आणि रसायनांचे डबे, मग पत्रे: पाणी मारून, हुक सैल करून, अख्खे उतरवायचे, फोडायचे नाहीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवायचे. मग पीओपी आणि जिप्सम, मग दारं-खिडक्या, मग विटांच्या भिंती, सर्वांत शेवटी काँक्रीटचा सांगाडा. गुत्तेदार आजही वरून खाली, मौल्यवान आधी, असा क्रम पाळतोच. त्यात 'धोक्याचं त्याहून आधी' एवढी एक पायरी वाढते.

'एवढं कोण करणार?'

पहिला आक्षेप खर्चाचा. घर पाडणारा माणूस आधीच कर्जात असतो, त्याच्यावर आणखी एक तपासणी कशाला? आक्षेप रास्त आहे, म्हणून तपासणी घराच्या मापाची हवी. साध्या घराला एका पानाचा तक्ता आणि एका अभियंत्याची एक फेरी पुरे. औद्योगिक गाळ्याला मात्र प्रयोगशाळेशिवाय परवानगी नको. वेगळं काढलेलं काँक्रीट जास्त कामाला लागतं, हे वर आलंच. तो लाभ आज कुणालाच मिळत नाही.

दुसरा आक्षेप म्हणजे महापालिकेची मोहीम एका दिवसात उरकते, तिथे झडतीला वेळ कुठला? पण रस्तारुंदीत मोजणी आणि मार्किंग आधी होतंच. भिंतीवर रंगाची खूण मारायला जो कर्मचारी जातो, त्यानेच पत्र्याच्या छपराला वेगळ्या रंगाची फुली मारली, तर जेसीबीच्या चालकाला कुठे थांबायचं ते कळेल.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: दख्खनच्या पठारावर बेसॉल्ट मुबलक, खडीचे क्रशर शहराच्या उंबऱ्यावर, मग जुन्या काँक्रीटच्या मागे लागायचंच कशाला? हिशेब फक्त आजच्या खडीचा धरला तर हे बरोबर ठरेल. पण डोंगर पोखरण्याची किंमत त्या भावात धरलेली नसते, नाल्यातला भराव उपसण्याची तर नसतेच. शिवाय पुनर्वापर केला नाही तरी मलबा निघायचा थांबत नाही. तो कुठेतरी जाणारच, आणि आज तो न तपासता लोकांच्या जोत्याखाली जातो आहे. झडतीची गरज प्रक्रिया प्रकल्प असो वा नसो, सारखीच आहे.

चौथं म्हणणं असं की लोक ऐकत नाहीत. या शहराने त्याचं उत्तर एकदा भोगून मिळवलं आहे. नारेगावला वर्षानुवर्षं शहराचा मिसळलेला कचरा टाकला गेला आणि फेब्रुवारी २०१८मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहरात ढीग साचले, मार्चमध्ये तो कचरा तिकडे नेण्याच्या विरोधात मिटमिट्यात दगडफेक झाली. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडीचे प्रकल्प आले, पण खरा बदल घराच्या दारातच घडवावा लागला: ओला वेगळा, सुका वेगळा. तोच धडा मलब्याला लागू करायला दुसरं नारेगाव व्हायची वाट पाहायला नको.

सुरुवात कुठून

केंद्राचे नवे बांधकाम कचरा नियम ४ एप्रिल २०२५ रोजी जाहीर झाले, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्यांचा मुख्य भार २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर आहे. पुनर्वापराची उद्दिष्टं त्यांना गाठायची आहेत. हे चांगलं पाऊल आहे, पण संभाजीनगरचा पुष्कळसा मलबा सिडकोतल्या छोट्या घरांतून, जुन्या गल्ल्यांतून आणि शेडमधून निघतो. तो या मोठ्या जाळीतून सुटणार. त्याच्यासाठी महापालिकेला वेगळा कायदा नको आहे. बांधकाम परवानगी ऑनलाइन होतेच. जुनं पाडून नवं बांधणाऱ्याच्या अर्जाला एक पान जोडावं. शहरात १९६०पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांकडून अशा झडत्या करून घेता येतील. वेगळ्या काढलेल्या पत्र्यांसाठी प्रत्येक झोनमध्ये एक बंदिस्त जागा आणि तिथून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे ठरलेली फेरी, एवढी व्यवस्था पालिकेने स्वतः उभी करावी, कारण ती घरमालकाच्या आवाक्याबाहेरची आहे. आणि नियम आधी स्वतःला लावावा: पालिका आणि शासन जे पाडतात, त्याची झडती सर्वांत आधी व्हावी, तिचा अहवाल लोकांना पाहता यावा.

वाचकांपैकी ज्यांचं घर येत्या वर्षा-दोन वर्षांत पाडायला निघणार आहे, त्यांनी नियमाची वाट पाहू नये. गुत्तेदाराशी भाव ठरवताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: सिमेंटचे पत्रे न फोडता उतरवले जातील, पीओपी आणि काँक्रीट एका गाडीत भरले जाणार नाहीत, आणि गाडी कुठे रिकामी होणार त्या जागेचा पत्ता. तिसऱ्याचं उत्तर मिळत नसेल, तर सौदा करू नये.